पुतणीच्या पैशांतून आलेले मशीन

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. माझा रंग उडाला आहे, पायडल कुरकुरते. पण टाका अजून सरळ पडतो, आणि हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकते.

कारखान्यात माझे भाग जुळले. मग दुकानाच्या काचेमागे मी बराच काळ धूळ खात उभे होते. एके दिवशी एक शिंपीकाका मला घ्यायला आले. त्यांचे स्वतःचे मशीन होतेच. मला त्यांनी घेतले ते पुतणीच्या पैशांतून.

पोरगी तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. तिचे आईवडील गेले आणि वडिलांची मागे राहिलेली रक्कम सांभाळायला काकांकडे आली. त्यांच्या धर्मात जकात असते. गरजा भागून वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशांतून गरिबांचा ठरलेला वाटा द्यायचा असतो. लहान मुलांच्या पैशांतून तो द्यावा का, यावर जाणकारांची दोन मते आहेत. काकांच्या घरात तो देण्याची रीत होती. पण रक्कम कपाटात नुसती पडून राहिली, तर झिजत झिजत पोरीच्या हाती काय उरणार? काकांचे जेवणात लक्ष लागेना. शेवटी मौलवीसाहेबांनी सुचवले की पैसा कामाला लावा, म्हणजे जकात कमाईतून निघेल आणि मूळ रक्कम शाबूत राहील.

असे मी कामाला लागले. काका आळीपाळीने दोन्ही मशीनांवर बसत. माझ्यावर शिवलेल्या कपड्यांची मजुरी पोरीच्या पैशांच्या डब्यात जाई. धाग्याची रिळेसुद्धा वेगळी! एकदा त्यांच्या मशीनचा पट्टा तुटला, तेव्हा स्वतःचे काम माझ्यावर उरकून त्यांनी पुतणीला भाडे दिले. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. मला मात्र भारी अभिमान वाटला. पुढे तयार कपड्यांची दुकाने आली, काम घटले आणि मी कितीतरी दिवस चादरीखाली गप्प बसून काढले. तरी काकांनी मला विकले नाही.

पोरगी मोठी झाली. तिचे तिच्या स्वाधीन करायला काकांनी मौलवीसाहेबांना घरी बोलावले. बोलता बोलता काका म्हणाले की जकात काढताना ते दर वर्षी माझीही किंमत धरत. मौलवीसाहेब हसले. कामाच्या हत्यारावर जकात नसते, साठलेल्या कमाईवर असते, असे त्यांनी सांगितले.

काकांचा चेहरा उतरला. एवढे जपून पोरीचे जास्तीचे पैसे आपल्याच हातून गेले! ते भरून द्यायला ते स्वतःच्या पेटीकडे निघाले. पोरीने त्यांचा हात धरला.

"काका, ते पैसे गेले कुणाला?"

"गरजूंनाच दिले, बाळा. पण तुझे होते ना."

"माझे होते म्हणून तर. मला धड बोलताही येत नव्हतं, तेव्हापासून मी कुणाच्या तरी उपयोगी पडतेय. ते आता माझ्याकडून विकत घेऊ नका."

काका रडता रडता हसले.

मित्रांनो, एखाद्या लहानग्याचे काही तुमच्या भरवशावर असेल, तर ते जिवापाड जपा, पण कुलपात कोंडू नका. ते धन कामाला लावा, वाढू द्या आणि त्यातला गरिबांचा वाटा विसरू नका.

आता माझ्यावर पोरगीच शिवते. यंदा तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जकात काढली. माझी किंमत तिने मुद्दाम त्यात धरली.