सगळ्यात वरची पट्टी

“उजवीकडची शेवटची पट्टी दाब. सोडू नकोस,” अण्णा ऑर्गनच्या मागून म्हणाले.

केतकीने दाबली. बारीक, धारदार सूर शाळेच्या रिकाम्या सभागृहात घुमला.

“दाबलीस का?”

“दाबलीय, अण्णा.”

“मग वाजत का नाहीये?”

केतकीने पट्टी तशीच दाबून धरली. सकाळीच देवास गेटच्या दवाखान्यातून फोन आला होता: कान आणि मेंदूच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय, वडिलांना एकटं पाठवू नका. तिने अण्णांना अजून सांगितलं नव्हतं.

“येऊन राहिलाय ना आवाज!” संगीत शिकवणाऱ्या निहारिका मॅडम म्हणाल्या. “उद्या मुलींचा कार्यक्रम आहे. आता रहने दो, अण्णा.”

“तुम्ही पेटीवाल्या, मॅडम. तुम्हाला काय कळणार?”

चाळीस वर्षं हा ऑर्गन अण्णांशिवाय कुणी उघडला नव्हता. आत मोटरवर एक्क्याण्णव पोलादी चाकं फिरत. प्रत्येक चाकाच्या कडेला दाते, समोर तार गुंडाळलेली चुंबकाची कांडी. दाता कांडीजवळून गेला की तारेत विजेची लहर उठे. त्या लहरींचाच सूर होई. दाते जास्त, तितका सूर वरचा. कांडी जवळ सरकवली की आवाज वाढे. पण ती चाकाला शिवता कामा नये, केसाएवढं अंतर हवंच.

अण्णांनी स्क्रू ढिला करून कांडी पुढे रेटली. सूर कानात घुसू लागला.

“बस, अण्णा! खूप झालं.”

“माझं मन नको राखूस. आईची सवय उचललीस अगदी.”

त्यांनी आणखी रेटली. खर्रर्र! पोलादावर पोलाद घासू लागलं. मॅडमनी कानांवर हात ठेवले.

“श्श!” अण्णांनी हात वर केला. “बोलू नका. ऐकू द्या जरा.”

केतकीने धावत जाऊन बटण बंद केलं. अण्णांचं बोट धरून थांबलेल्या चाकावर ठेवलं. दोन दाते वाकले होते. अण्णा बराच वेळ तेवढ्याच जागेवर बोट फिरवत राहिले.

मग त्यांनी कांडी मागे घेतली, स्क्रू आवळला.

“मॅडम, उद्या मुलींना ही पट्टी सोडून वाजवायला सांगा. चूक माझी आहे.”

ऑर्गन पुन्हा सुरू करून ते पुढे येऊन बसले. डावीकडून एकेक पट्टी दाबत निघाले. दर वेळी केतकीकडे बघत, ती मान हलवी. एका पट्टीशी ते थांबले, कान वाकडा केला, पुन्हा दाबली.

“माझ्यासाठी इथपर्यंत,” ते म्हणाले.

उजवीकडे अजून बऱ्याच पट्ट्या उरल्या होत्या. केतकीला मात्र त्या पट्टीचा सूर खणखणीत ऐकू येत होता.