मास्तरीणबाई बाहेर येत नाहीत

"आजी, बाहेर या! ओहोटी लागलीय, झडप उघडायचीय," मुकादम काठावरून ओरडला.

"उघड की. मी कुठे अडवलंय?" मास्तरीणबाई पाठीवर तरंगत म्हणाल्या.

"अहो, पाण्याबरोबर ओढल्या जाल!"

"मग नको उघडूस."

मुकादमाने कपाळाला हात लावला. समुद्राकाठचा हा खाऱ्या पाण्याचा तलाव रिकामा करायचा आणि भराव घालून तिथे गाड्या उभ्या करायची सोय करायची, असा नगरपालिकेचा हुकूम होता. पण आत माणूस असताना झडपेला हात कोण लावणार?

बाईंच्या लहानपणी इथे नुसते खडक होते. एकदा शाळेच्या मुलींची होडी किनाऱ्याजवळच उलटली. पोहणारे गडी मासेमारीला गेलेले. काठावरची माणसं नुसतीच आक्रोश करत राहिली. बुडालेल्या मुलींत बाईंची थोरली बहीण होती. त्यानंतर पोरींना पोहायला शिकता यावं म्हणून गावानेच दगड वाहून खडकांमध्ये भिंत घातली आणि हा तलाव केला. बाईंचे वडील त्यात पुढे होते. मोठेपणी बाईंनी इथेच पोरींना पोहायला शिकवलं, गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत.

"अगं, ओठ निळे पडलेत," पायरीवर टॉवेल घेऊन बसलेला नवरा म्हणाला. "जरा वर ये. तोवर मी उतरतो."

"तुम्हाला येतं का पोहायला? गप बसा तिथेच."

तेवढ्यात शिवणकाम करणारी शेजारीण अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली. तिच्या मागोमाग दवाखान्यातली नर्स, मग तिची जाऊ. दुपारपर्यंत तलाव बायकांनी भरून गेला. बाईंनी सभोवार पाहिलं. चेहरे न बघताही, पाय मारायच्या ढबीवरून त्यांनी एकेकीला ओळखलं. ताईने हे बघायला हवं होतं, असं त्यांना वाटून गेलं.

मुकादमाने नगरपालिकेच्या साहेबांना बोलावून घेतलं. साहेब तणतणत आले.

"एकेकीला बाहेर काढा, आत्ताच्या आत्ता..." आणि त्यांची जीभ अडखळली. "आई? तू?"

"जेवण झाकून ठेवलंय. गरम करून घे," म्हणत साहेबांच्या आईने बुडी मारली.

बायका हसून हसून नाकातोंडात पाणी जाऊन खोकू लागल्या. मुकादम पाठ फिरवून हसला.

पुढे गाड्यांची सोय बाजारामागे झाली. तलावाकाठचा उडी मारायचा जुना मनोरा धोक्याचा म्हणून पाडला, तो गेलाच, पण तलाव राहिला. त्या दिवशी मात्र यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. भरती सुरू झाली, झडप उघडून उपयोग उरला नाही, तेव्हा बायका आपापल्या घरी गेल्या.

बाई सगळ्यांत शेवटी निघाल्या. गुडघा उचलेना, तेव्हा मुकादमाने हात दिला.

"उद्यापण येणार का, आजी?"

"रोजच येते मी."

त्या नवऱ्याशेजारी टेकल्या. बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. त्याने त्यांचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट टॉवेलने पुसू लागला.