टाकीखालचा सांधा

“एकदा ओढलीस, दोनदा ओढलीस, आता तिसऱ्यांदा कशाला?” स्टुलावर बसल्या बसल्या धाकट्या भावाने विचारलं. “वायर आहे दादा, गाय नव्हे.”

थोरल्याने मागच्या दिव्याची वायर तिसऱ्यांदा ओढली, सुटत नाही याची खात्री केली आणि मगच तिच्यावर टेप गुंडाळली. तो डावखुरा असल्याने त्याची टेप नेहमी उलट्या बाजूने फिरायची.

अख्खा बाजार त्याला ‘तीनदा मास्तर’ म्हणत असे. वय बासष्ट, त्यातली चाळीस वर्षं गाड्यांचे दिवे, हॉर्न आणि बॅटऱ्या यांच्यात गेलेली. पण खरं नाव विचारलं तर शेजारचा पंक्चरवालाही डोकं खाजवत बसला असता. कुठलाही सांधा तीनदा ओढून पाहिल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला सोडत नसे. घरी गॅसची नळी, दाराची कडी, कपड्यांची दोरी, सगळ्यांना हाच न्याय. “लग्नाआधी माझा हातही तीनदा ओढून बघितला असणार यांनी,” असं त्याची बायको येईल-जाईल त्याला सांगायची. लोक हसायचे. तोही हसायचा. त्याला आतून काय होत होतं ते कोणी विचारत नव्हतं आणि तो सांगत नव्हता.

आज त्याच्या दुकानाच्या खोलीत उभी होती ती गाडी मात्र रोजच्यातली नव्हती. उंच, काटकुळी, दातेरी टायरांची मोटरसायकल, डोंगरातल्या चिखलात शर्यती मारायला बनवलेली. मुळात तिला ना दिवा, ना हॉर्न, ना आरसा. अशी गाडी रस्त्यावर आणायची तर पुढचा दिवा, मागचा दिवा, ब्रेक दाबल्यावर पेटणारा लाल, वळणाचे चार पिवळे आणि हॉर्न, हे सगळं तपासनिसासमोर चालवून दाखवावं लागतं. धाकट्याच्या शोरूमला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती आणि त्या दिवशी त्याला या गाडीवर बसून भर रस्त्यातून मिरवायचं होतं. दोन तरुण इलेक्ट्रिशियननी गाडी बघून हात जोडले होते. तिचा जुना मॅग्नेटो वीज बनवायचा ती फक्त ठिणगीपुरती. दिव्यांना द्यायला त्याच्याकडे काही नव्हतंच. थोरल्याने दोन दिवस बसून हाताने नवी कॉइल गुंडाळली, सीटखाली मुठीएवढी बॅटरी दडवली. “याला तूच लागतोस,” असं धाकटा म्हणाला होता, आणि एवढ्याशा वाक्यावर हा विरघळला. मूर्ख कुठला!

कारण याच गाडीने त्याचं वाटोळं केलं होतं. अडतीस वर्षांपूर्वी धाकटा हिच्यावर बसून शेवटच्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होता आणि मोठ्या चढणीच्या तोंडाशी गाडी बंद पडली. चिखलाने माखून तो परत आला आणि बाबांना म्हणाला, “टाकीखालची वायर सुटली. मीच कशीबशी पिळून जोडली, तेव्हा कुठे चालू झाली.” वायरिंग सगळं थोरल्याचं. बाबांनी चारचौघांत त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली. “आजपासून शर्यतीच्या गाडीला हात लावायचा नाहीस.” बाबांचं गॅरेज धाकट्याकडे गेलं, त्याचं पुढे शोरूम झालं. थोरल्याच्या वाट्याला रस्त्याकडेची ही एक खोली आली. तेही त्याने फारसं मनाला लावून घेतलं नाही. पण बाबांच्या शेवटच्या दुखण्यात तो त्यांच्या उशाशी दिवा बसवत होता, तेव्हा ते डोळे न उघडताच म्हणाले, “नीट बघून जोड रे.” त्यानंतर त्यांचं कुठलंच बोलणं कोणाला धड कळलं नाही.

तीनदा ओढायची सवय त्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवसापासूनची. आपण जोडलेलं सुटतं, हे त्याने मुकाट्याने मान्य करून टाकलं होतं.

पुढच्या दिव्याच्या वायरी मागे न्यायच्या तर टाकी काढावीच लागणार होती. त्याने बोल्ट सोडवले, टाकी उचलून फळीवर ठेवली आणि खालची धूळ फुंकली. तिथे सांधा होता. मॅग्नेटोपासून ठिणगीपर्यंतच्या वाटेवरचा तो एकच. टेप उलट्या बाजूने गुंडाळलेली. टोकाला मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन गाठी, आणि वर त्याने स्वतः फासलेलं वॉर्निश. वॉर्निश पिवळं पडलं होतं, पण त्याला कुठे साधी चीरही नव्हती. पिळून जोडलेलं तिथे काही नव्हतं. हा सांधा कोणी कधी उघडलाच नव्हता.

त्याने तो चिमटीत धरून ओढला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ओढताना त्याचे डोळे भरून आले आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

“इकडे ये,” तो म्हणाला.

धाकटा मोबाइल खिशात टाकत उठला. “काय झालं? जळलंय का काही?”

“ही वायर सुटली होती ना?”

“कुठली?”

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

“शर्यतीत. चढणीपाशी.”

“अच्छा, ती होय!” धाकटा हसला. मग त्याने सांध्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि त्याचं हसू आटलं. तो किल्ल्यांच्या जुडग्याशी चाळा करू लागला. “आदल्या फेरीत त्या चढणीवर एक जण गाडीखाली सापडला होता, दादा. त्याचं ओरडणं माझ्या डोक्यातून जाईना. चढण समोर आली आणि अंगठा आपोआप बटणावर गेला. इंजिन बंद. बास, एवढंच झालं.”

“मग तसं सांगायचं.”

“बाबा समोर उभे होते. घाबरलो म्हणून सांगू? तोंडात आलं ते बोललो. मला वाटलं, दोन दिवस रागावतील तुझ्यावर आणि विसरतील.”

“अडतीस वर्षं झाली.”

“मग तू तरी कधी टाकी उचलून बघायचीस!”

हे मात्र खरं होतं, आणि तेच जास्त झोंबलं. बाबा हात लावू नको म्हणाले आणि याने लावला नाही. एकदाही नाही.

“जाऊ दे ना आता,” धाकटा म्हणाला. “कशाला उकरून काढतोस? बाबा तर गेले.”

“म्हणूनच.”

चहा घेऊन आलेली बायको केव्हाची दारात थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं. “भाऊजी, गाडी आहे तशी ढकलत न्या,” ती म्हणाली. “पुढे उतारच आहे, जमेल तुम्हाला.”

“तू मध्ये पडू नकोस,” थोरला म्हणाला. “दिवे लावून देतो म्हणालोय मी.”

“लावा, लावा. जन्मभर दुसऱ्याच्याच घरात उजेड पाडा.” तिने धाकट्याचा कप त्याच्या हातात न देता जमिनीवर ठेवला आणि ती आत निघून गेली.

थोरल्याने कटर उचलला, तेव्हा क्षणभर तो त्या जुन्या सांध्यापाशी थांबला. एक कट पुरेसा होता. उद्या तपासनिसासमोर गाडी चालूच झाली नसती. पण वाईट काम करायला त्याचे हात शिकलेच नव्हते. संध्याकाळपर्यंत सगळे दिवे पेटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाहन तपासणीच्या कचेरीच्या आवारात गाडीभोवती घोळका जमला. कामासाठी आलेले लोक आपली कामं सोडून तिच्याकडे बघत होते. पिकल्या मिशांचा एक माणूस पुढे झाला. “हीच ना ती? वायर सुटून ऐन वेळी बंद पडलेली? मी होतो तिथे.”

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. रात्रभर त्याला वाटत होतं, धाकटा काहीतरी बोलेल. धाकट्याने एकच वाक्य बोलायची गरज होती आणि ते ऐकायला आयती माणसंही जमली होती.

“हो, हीच,” धाकटा म्हणाला. “जुन्या गोष्टी आहेत काका, सोडा.”

तपासनीस बाई कागद घेऊन आल्या. पुढचा दिवा लांबचा, जवळचा. मागचा. पायाने ब्रेक, हाताने ब्रेक, दोन्हींवर लाल. डावे पिवळे, उजवे पिवळे, हॉर्न. इंजिन मंद चालत असतानाही दिवा मिणमिणला नाही, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “जुन्या गाडीवर इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नव्हतं. चला, झालं.”

“बाई, एक राहिलं,” थोरला म्हणाला. “इंजिन बंद करायचं बटण.”

“अरे हो. दाबा बघू.”

धाकट्याने मान वर केली. दादा त्याच्याकडेच बघत होता. अंगठा बटणापाशी गेला, अडखळला, मग त्याने बटण दाबलं. इंजिन बंद पडलं.

“चालतंय,” बाई म्हणाल्या.

“पहिल्या दिवसापासून चालतंय,” थोरला म्हणाला.

बाईंनी कागदावर खूण केली. मिशीवाला केव्हाच रांगेत जाऊन उभा राहिला होता.

दुपारी दुकानात एक स्कूटरवाला आला. इंडिकेटर पेटत नव्हता. थोरल्याने वायर जोडली, सांध्यावर टेप गुंडाळली आणि हात मुद्दाम खिशात घातले.

“मास्तर, आज तीनदा नाही?”

“गरज नाही.”

आतल्या दाराशी बायको भांडं पुसत उभी होती. तिच्या हातातलं फडकं थांबलं. स्कूटर सुरू झाली, पंक्चरवाल्याच्या दुकानापुढून गेली, कोपऱ्यावर पोचली. तोवर थोरला अनवाणी रस्त्यावर धावत सुटला होता.

“अहो, थांबा! जरा थांबा!”

धापा टाकत त्याने स्कूटर गाठली, खाली वाकून वायर चिमटीत धरली आणि ओढली. स्कूटरवाल्याने हसत हसत मोजलं, “एक, दोन, तीन.”