कोपऱ्यातली रेघ

अंबादाससरांनी पंचांच्या उंच खुर्चीवरून "आउट" म्हटलं, मग "गेम, सेट अँड मॅच, मिस परब" असंही म्हटलं. भोवतीच्या वीस-पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. तरी नलिनी परब काही जाळीकडे हात मिळवायला गेली नाही. बेसलाइनच्या कोपऱ्यात वाकून ती चेंडूची खूण बघत राहिली.

लाल मातीवर चेंडू पडला की खूण उमटते, ती लपत नाही. ही खूण जवळजवळ सगळी बाहेर होती. पण तिची कड रेघेच्या चुन्याला लागली होती.

अंधेरीच्या या जिमखान्यात तिचे बाबा, रामनाथ परब, तीस वर्षं मार्कर होते. पहाटे कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, सुतळी ताणून चुन्याच्या रेघा घालायच्या आणि कुणा मेंबरला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं, ही त्यांची नोकरी. सातव्या वर्षी नलू सुतळीचं दुसरं टोक धरायला आली आणि तिथेच रमली. संध्याकाळी बाबांबरोबर राममंदिरात जायची. बाबा कीर्तनात बुवांच्या मागे झांज घेऊन उभे राहत. मागच्या माणसाचा चेहरा कुणाच्या ध्यानात राहत नाही, पण त्याचा ठेका चुकला तर सगळ्या सभेला कळतं, हे त्या पोरीनं डुलक्या काढता काढता पाहून ठेवलं होतं. पुढे सर्व्हिस करण्याआधी ती चेंडू तीनदा आपटायची, तोही त्याच ठेक्यावर.

अकरा वर्षं ती टेनिस खेळली. मद्रास, कलकत्ता, एकदा बँकॉक, एकदा मनिला. कुणाच्या ओळखीच्या घरी जमिनीवर पथारी, पिशवीत आईनं दिलेले लाडू. बहुतेक ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या फेरीत हार. हरली तरी दुसऱ्या दिवशी पहाटे सरावाला हजर. चौऱ्याऐंशी साली जगाच्या यादीत तिचा नंबर तीनशे ब्याऐंशी लागला, तेव्हा चाळीतल्या रुक्मिणीकाकूंनी विचारलं होतं, "म्हणजे शेवटून कितवी गं?"

"ते नाही मोजलं, काकू. पुढे तीनशे एक्याऐंशी जणी आहेत, तेवढं माहितीये."

"मग त्यांच्याकडे बघून लग्नाचं वय थांबतंय होय?"

नलू हसली होती. त्या यादीचा कागद मात्र बाबांनी देवघरात, रामाच्या तसबिरीमागे जपून ठेवला होता.

आता सत्त्याऐंशी साल. ती अठ्ठावीस वर्षांची. वर्षभर गुडघ्यानं छळलं होतं. आजची पात्रता फेरी जिंकली तर मुख्य स्पर्धेत प्रवेश, नाहीतर यादीतून नाव जाणार हे पक्कं. समोर सतरा वर्षांची मीरा. तिसऱ्या सेटमध्ये पाच-चार, नलिनीचा मॅच पॉइंट. मीराचा फटका कोपऱ्यात आला, बाहेर जातोय म्हणून नलिनीनं सोडला.

"सर, आत आहे," ती म्हणाली.

अंबादाससर खाली उतरून आले. खुणेकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, रेघच इथे बोटभर फुगलीये. सरळ असती तर बॉल बाहेरच होता. मी आउट दिलंय, तू कशाला उकरतेस?"

रेघ फुगली होती हे नलिनीला पहिल्या सेटपासून ठाऊक होतं. तेव्हा ती पलीकडून खेळत होती आणि तिचाच एक चेंडू याच फुगवट्यावर चुना उडवून गेला होता. तो पॉइंट तिनं घेतला होता.

कुंपणापाशी बाबा उभे होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच त्यांनी रेघा घातल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

"तेव्हा मला चालली, सर. आता तिलाही चालणार."

तिनं बुटानं खूण पुसून टाकली. मातीच्या कोर्टावर याचा अर्थ एकच, पॉइंट समोरच्याचा.

ड्यूस झाला. तो धरून आणखी सात गेम, आधी मीराची बरोबरी, मग आघाडी, मग पुन्हा बरोबरी, असे पाऊण तास चालले. शेवटी नऊ-सातवर नलिनी हरली. मीरा जाळीपाशी हात सोडेना. "ताई, तुम्ही तसं का केलंत?"

"उद्या बॅकहँड वर नको उचलूस," नलिनी म्हणाली. "वाट लागेल."

माणसं पांगली. बाबा पाण्याची नळी घेऊन आले, माती भिजवू लागले.

"थयसर, त्या कोपऱ्यात माझो हात हललो गो," ते म्हणाले. "माका दिसला होता. तू सरांका सांगलंस कित्याक नाय, म्हाताऱ्यान रेघ वाकडी घातली म्हणून?"

"तुम्ही घातली ती रेघ, बाबा. दोघी तिच्यावरच खेळलो की."

बाबांनी रोलर फिरवला. सात वाजता देवळात कीर्तन होतं, त्याआधी उद्याच्या सामन्यासाठी कोर्ट तयार व्हायला हवं होतं. नलिनीनं रॅकेट बाकावर ठेवली, सुतळीचं टोक उचललं आणि दुखरा गुडघा सांभाळत कोपऱ्यात उकिडवी बसली.

"ताणून धर हां."

"धरलीये."

तोंडातल्या तोंडात रामनाम घेत बाबा चुना ओढू लागले. नलिनी सुतळीवर अंगठा दाबून बसली होती. पांढरी रेघ सरळ, सावकाश तिच्या हाताकडे येत होती.