क्लचमधली हवा

बुडबुडा नळीत अडला होता—मुगाच्या दाण्याएवढा, पारदर्शक नळीच्या वळणावर, पुढंही जाईना आणि मागंही येईना. आणि हितेंद्र गाडीखाली उताणा पडून, मानेखाली गोणपाटाची घडी घेऊन त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिला, की आपण त्याला बाहेर काढायला इथं शिरलो आहोत हेच विसरून गेला. नळीचं एक टोक गिअरबॉक्सशेजारच्या क्लचच्या सिलिंडरला, दुसरं तेलाच्या बाटलीत बुडवलेलं. हवा गेली की पेडल टणक होणार, पेडल टणक झालं की गिअर पडणार, गाडी निघणार, एरंडोल, पारोळा, धुळं... आणि धुळ्याला लेक, डिंपल.

जुना क्लच घसरायला लागला तेव्हा त्यानं तो घरीच बदलायचा ठरवला. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात त्याची उभी हयात गेली. त्यानं गाडी गॅरेजला द्यायची म्हणजे हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातून लाडू आणायचे. अंगणात गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून, जॅकवर गिअरबॉक्स उतरवून, नवी प्लेट, नवं बेअरिंग, नवा सिलिंडर असं सगळं त्यानं एकट्यानं बसवलं होतं. आणि काल संध्याकाळी पाय ठेवला तर पेडल सरळ तळाला गेलं आणि तिथंच बसून राहिलं. इंजिन चालू करून गिअर टाकायला गेला तर नुसतं खर्रर्र. तेल दाबलं जात नाही, मुलांनो, हवा दाबली जाते. नळीत हवा असली की पायाचा सगळा जोर ती हवाच खाऊन टाकते आणि क्लचपर्यंत काही पोचत नाही... वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं राहून हे सांगितलं. आता ऐकायला कुणी नव्हतं, तरी तो गाडीच्या पोटाकडे बघून पुटपुटत होता.

की हवा नाहीच? प्लेट उलटी बसली असेल तर? तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा, म्हणजे आज निघणं झालंच नाही. प्लेटची कुठली बाजू इंजिनकडे ठेवली ते त्याला लख्ख आठवत होतं—निदान तसं वाटत होतं. पण मार्गशीर्षापासून त्याचा स्वतःच्या आठवणीवर भरवसा उरला नव्हता. दोघांचा चहा टाकला जायचा, आणि कप समोर आल्यावर कळायचं.

खरं तर हे दोन माणसांचं काम. एकानं वर बसून पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं, दुसऱ्यानं खाली निपल—सिलिंडरवरचा हवा सोडायचा छोटा स्क्रू—सैल करून हवा सोडायची, पुन्हा आवळायची, मगच वरच्यानं पाय उचलायचा. वरचं माणूस कायम कामिनी. मांडीवर मेथीची परात घेऊन ती ड्रायव्हरच्या सीटवर बसायची, एका पायानं पेडल, दोन्ही हातांनी भाजी. "दाबलं!" वरून आवाज यायचा. "सोडू का? का झोप लागली तुम्हाला?" लग्नाला कितीतरी वर्षं झालेल्या माणसाशी बायको जेवढं बोलते तेवढंच ती एरवी बोलायची, पण गाडीच्या पत्र्याआडून मात्र तिला हमखास काहीतरी सुचायचं—डिंपलचं कॉलेज, शेजारची भांडणं, आपण एकदा समुद्र बघायला हवा. समुद्र राहिला. मार्गशीर्षात साध्या तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली... आणि मी इथं खाली पडलो आहे, आणि वर कुणी नाही.

वर फळी होती. पेडल हातानं दाबायचं, फळी सीट आणि पेडलच्या मध्ये ठोकायची, सरपटत खाली यायचं, निपल सोडायची, आवळायची, सरपटत वर जायचं. सकाळपासून तो हेच करत होता. फळी निसटली की सगळी हवा परत आत. एकटा जीव सदाशिव असं गल्लीतलं कुणीतरी परवा हसत म्हणालं होतं, तेव्हा त्याला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती.

उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आणि घरात गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवतात. डिंपलच्या लग्नानंतर एकही आखाजी अशी गेली नाही की ही दोघं गाडी घेऊन धुळ्याला गेली नाहीत. लेकीला आणायला मुराळी म्हणून एकटा बाप किंवा भाऊ जातो. कामिनी मात्र पुढच्या सीटवर आधीच जाऊन बसलेली असायची. यंदा डिंपल म्हणाली, "नको, पप्पा. आईच्या नावाची घागर भरलेली मला नाही बघवणार." तो म्हणाला, "मी गाडी घेऊन येतो." मग ती म्हणाली, "झाली गाडी, तर या." त्या एका 'तर'ला धरून तो गाडीखाली शिरला होता. बसनं का नाही गेलो? कारण बसनं गेलो असतो तर ती नाही म्हणाली असती, आणि मग आखाजीला या घरात मी आणि एक घागर, दोघंच.

"हितेंद्रभाऊ, सकायपासून गाडीनाखाल काय करी राह्यनात?"

मागच्या गल्लीतली बेबाबाई. मूळची धरणगावची, कामिनीची दुपारची सोबतीण. तिच्या पायातल्या निळ्या चपला आणि लुगड्याचा काठ तेवढा त्याला दिसला. काहीतरी जड तिनं ओट्यावर ठेवलं.

"डांगर आणं शे. वहिनीनी घागरवर ठेवाले."

वहिनीची घागर. हे शब्द अजून कुणी तोंडातून काढले नव्हते. त्यानं पाना हातात गच्च धरला आणि नळीकडेच बघत राहिला.

"पोर येई ना?"

"गाडी झाली तर," तो म्हणाला. आणि काय अडलंय ते, उगीच, पोरांना सांगावं तसं सांगून गेला.

"मंग मी दाबस ना! त्यामा काय शे?"

नको, असं तो म्हणणार होता. त्या सीटवर नको. पण निळ्या चपला दाराशी शेजारी शेजारी उतरल्या, देवळाबाहेर उतरवाव्यात तशा, आणि वरचा पत्रा करकरला. आधी हॉर्न वाजला. मग तिनं ब्रेक दाबला. मग एकदाचा क्लच.

"मी सांगेपर्यंत सोडायचं नाही, बेबाबाई."

"तुम्ही सांगशात तवयच सोडसू."

त्यानं निपल सैल केली. तेल फसफसत नळीत आलं, बुडबुड्यांची रांगच्या रांग वळण ओलांडून बाटलीत गेली. आवळली. "सोडा." पुन्हा. पुन्हा. आणि मध्येच वरून एकदम घाबरलेला आवाज आला—

"भाऊ! हाई चालू पडी गई ते मन्या चपला आठेच राही जातीन!"

घोड्यांवर चढवलेली, इंजिन बंद असलेली गाडी. आणि बाईला काळजी चपलांची. हितेंद्रच्या नाकातून आधी एक फुर्र असा आवाज आला, मग पोट हललं, मग हसू आवरेना, गालावर तेलाचे थेंब पडत होते, पाना हातातून सुटला होता, आणि वर बेबाबाई पेडल घट्ट दाबून धरून "काय हुयनं? काय हुयनं?" म्हणून विचारत होती, त्यानं ते आणखीच वाढत गेलं.

थोड्या वेळानं नळीतून नुसतं स्वच्छ तेल यायला लागलं. बेबाबाई चपला घालून गेली. त्यानं वर बसून पाय ठेवला. पेडल टणक. इंजिन चालू करून गिअर टाकला—आवाजसुद्धा नाही, लोण्यात सुरी गेल्यासारखा पडला. म्हणजे प्लेट सरळच होती. आठवणीनं दगा दिला नव्हता. आनंद व्हायला हवा होता, आणि झालं उलटंच. झालं. तिच्यावाचून झालं. कुणाचाही पाय चालतो, बेबाबाईचासुद्धा. आपल्याला कुठंतरी आतून हे व्हायला नको होतं, सकाळपासून ती फळी नीट ठोकली जात नव्हती ती उगीच नव्हे, हे त्याला तिथं बसल्या बसल्या कळलं, आणि बेबाबाईचा, त्या चपलांचा, स्वतःच्या त्या खिदळण्याचा त्याला भयंकर राग आला.

गाडी त्यानं घोड्यांवरून उतरवली. फाटकाबाहेर काढली. फोन लावला.

"झाली का?" डिंपलनं विचारलं.

नाही झाली, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती सुटली असती, तोही सुटला असता.

"झाली."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, तुम्हाला वाटतं मी रडेन म्हणून येत नाही. रडते मी इथंही. पण तिकडे रूपा येईल, सगळ्या मैत्रिणी येतील, झोका बांधतील, मला ओढून बसवतील, गाणी म्हणतील... आणि मला हसू आलं तर? आई नसताना? तिच्याच अंगणात?"

लेकरा, असं नसतं गं, आईला बरंच वाटेल गं—अशी चार वाक्यं बापांजवळ तयार असतात. ती त्याच्या ओठांपर्यंत आली आणि त्यानं ती परत गिळली.

"मी आज हसलो, डिंपल," तो म्हणाला. "खूप हसलो."

आपण तिचं काहीतरी मोडून टाकलं असं त्याला वाटलं. इंजिन चालूच होतं, पाय कधीचा क्लचवर होता आणि पोटरी दुखायला लागली होती.

"कशाला?" तिनं विचारलं. रागानं विचारलं, की लहानपणी गोष्ट अर्धवट राहिली की विचारायची तसं, त्याला कळेना. त्यानं सांगायला तोंड उघडलं—बेबाबाई आली, गाडीत बसली—आणि तो तिथंच अडला. पुढं हसू येणार आहे की रडू, याचा त्याला अंदाज येईना, आणि दोन्हींपैकी काहीही आलं तरी चालेल, फक्त तिनं फोन ठेवू नये.