कागदावरचं हॉस्पिटल

अर्थखात्यातल्या उपसचिवाला अख्खं ऑफिस ‘कात्री’ म्हणायचं. कुठल्याही खात्याची मागणी टेबलावर आली, की हा पहिल्यांदा काय कापता येईल ते बघायचा. आणि गंमत म्हणजे त्याला त्या नावाचा अभिमान होता!

यंदा मात्र कात्रीच्या तोंडचं पाणी पळालं. सीमेवर तणाव वाढला, लष्कराने खरेदीची भलीमोठी यादी पाठवली, आणि मंत्र्यांनी हो म्हणून टाकलं. तिकडे कायदा छातीवर बसलेला: देशाच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांवर तूट जाता कामा नये. त्यात एकच पळवाट होती. संरक्षणावरचा वाढीव खर्च चार वर्षं तुटीत धरायचा नाही. लष्कराची यादी त्यात बसली, तरी बाकीच्या खर्चाने तूट तीन टक्क्यांच्या वर जातच होती.

आता याची हुशारी ऐका. त्याने सुचवलं, शहरातलं पुनर्वसन हॉस्पिटल लष्कराच्या नावावर दाखवू. जखमी जवानांना लागेलच की! म्हणजे तो सगळा खर्च संरक्षणात गेला आणि तूट बसली तीन टक्क्यांत. मंत्र्यांनी भर मीटिंगमध्ये त्याची पाठ थोपटली.

“आणि तिथले पेशंट?” आरोग्य खात्याच्या बाईंनी विचारलं.

“पेशंटना काय होतंय? पाटी बदलेल, बस्स,” तो म्हणाला. लोक हसले, तोही हसला.

त्याची ताई त्याच हॉस्पिटलात जायची, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, जीभ जड झाली. आठवड्यातून तीनदा तिथे व्यायाम करून आता कुठे बोटं वळायला लागली होती. पण त्याला खरंच वाटलं, की कागदावरची गोष्ट कागदावरच राहील. कागदात आयुष्य घालवलेल्या माणसाला असंच वाटतं.

लष्कर कागदावर थांबलं नाही. का थांबेल? हॉस्पिटल आता त्यांचं होतं. एक तारखेपासून लष्कराबाहेरचे पेशंट बंद, अशी पत्रं गेली.

रविवारी ताईने त्याला बोलावून घेतलं. जेवणाच्या टेबलावर कोरा कागद तयार ठेवला होता.

“तुझं अक्षर चांगलं. सरकारला अर्ज लिही. आम्ही चाळीस जण आहोत,” ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. “कोण गाढव असेल रे हा?”

त्याचे कान तापले. त्याने खाली मान घालून लिहायला घेतलं. ती सांगत गेली, तो उतरवत गेला. “हे करणाऱ्याच्या घरी कुणी आजारी पडत नाही का?” हे वाक्यसुद्धा त्याने आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, आणि मग त्याला पुढे लिहवेना.

“ताई, ते गाढव मीच.”

तिला आधी कळलंच नाही. मग त्याने सगळं सांगितलं, तूट, तीन टक्के, पाटीचा विनोदसुद्धा. सांगताना त्याला इतकी लाज वाटली, की तो तिच्याकडे न बघता मिठाच्या बाटलीशी बोलत राहिला.

“मी जातेय तिथे, हे माहीत होतं तुला?”

“होतं.”

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

“मग तर सोपं झालं,” ती म्हणाली. “तू केलंस, हे तूच लिही. तुझं ते ऐकतील. खाली सही कर.”

त्याने लिहिलं. सहीही केली. ताईने डाव्या हाताने कागद ओढून घेतला आणि नीट वाचला.

“उपसचिव कुठंय?”

“नुसतं नाव पुरे ना?”

“तुझ्या नावाचे छप्पन्न असतील. हुद्दा घाल.”

“ताई, नोकरी जाईल गं माझी.”

“आणि माझा हात गेला तर चालेल.”

जीभ जड असल्यामुळे ती हे फार सावकाश म्हणाली, त्यामुळे त्याला प्रत्येक शब्द ऐकावा लागला. तिने कागद परत त्याच्यापुढे सरकवला. पेन त्याच्या बोटांत होतं. त्याचा हात चांगला धडधाकट होता, तरी तो हलला नाही.