वळणावरची खट्‌खट

मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि माझ्यात माझा मेलेला मालक बसला आहे असं गाव म्हणतं. मित्रांनो, हसू नका. काही दिवस मलाही तसंच वाटत होतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते. आठ वर्षांची झाल्यावर मारोतरावांकडे आले. ते जंगलखात्यात रोजंदार. झरी जामणीच्या सागवनात रोज आम्ही दोघंच. त्यांचा चांद्या बैल म्हातारा होऊन मेला, तेव्हा पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, तसं त्यांनी हळद-तूप घेऊन माझं हॅन्डलच शेकलं. "आता तूच माहा बैल," म्हणाले. त्यांची बायको, बेबीताई, दारात पोट धरून हसत होत्या. एवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

त्याच सुमारास माझ्यातून एक आवाज येऊ लागला. खट्, खट्‌खट्. गावाबाहेरच्या वळणावर खड्डे होते, तिथे तर हमखास. तो ऐकला की बेबीताई चुलीवर चहा ठेवत. आवाज कुठून येतो, ते मारोतराव कुणाला सांगत नसत, नुसते मिशीत हसत. मलाही ठाऊक नव्हतं. तुम्हाला तुमची पाठ दिसते का? तसंच माझं.

मग मारोतराव चार दिवसांच्या तापाने गेले. मी दोन वर्षं गोठ्यात, चांद्याच्या खुंट्याजवळ उभी. कोंबड्या सीटवर झोपल्या, कुंभारमाश्यांनी जागा मिळेल तिथे चिखलाची घरं बांधली. कुणी साधी धूळ पुसली नाही. बेबीताई माझ्याकडे बघतही नसत. त्या अजून रडल्या नाहीत, असं शेजारच्या बायका बोलत.

यंदा त्यांची मुलगी अर्पिता आरोग्य उपकेंद्रात नर्स झाली. तिच्याकडे जंगलातली तीन गावं, आणि एसटी एकाही गावाला जात नाही. तिने मला धुतलं, मुकुटबनच्या गुलाम नबी मिस्त्रींकडून चालू करून घेतलं. महिनाभर मी मुकाट चालले. आणि एका संध्याकाळी वळणावर वाजलं. खट्, खट्‌खट्.

घरी पोचलो तर मारोतरावांच्या कान तुटलेल्या कपात चहा ओतलेला होता.

"तुहे बाबा आले," बेबीताई म्हणाल्या. मग समोर अर्पिता दिसली, तशा भानावर आल्या आणि चहा अंगणात ओतून दिला.

असं रोज होऊ लागलं. रोज कप निघायचा, रोज चहा मातीत जायचा. त्यांचं जेवण सुटलं. मला तर त्या वळणाची धास्तीच बसली. शेवटी त्या म्हणाल्या, "पोरी, आवाज बंद कर, नाहीतं गाडी भंगारात दे. मले रोज रोज त्याईले मारता येत नाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही गुलाम नबींच्या दारात. त्यांनी पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली. टापेट पाहिले, चेन ताणून पाहिली, पुढचं चाक उचलून हलवलं. मी आपली गप्प.

"चाचा, मंग काहून वाजते हे?"

"बेटा, उभी गाडी थोडीच बोलते? मी मांगं बसतो, तू गड्ढ्यातून घे."

थोडं पुढे गेल्यावर ते ओरडले, "रोक, रोक! माह्या बुडाखालीच वाजून राह्यलं!"

सीट निघाली. खाली मडगार्डला तारेने बांधलेला लाकडी टापर होता. गुरं रानात हरवू नयेत म्हणून गळ्यात बांधतात ती घंटा. चांद्याची. कुंभारमाश्यांनी त्यात चिखल भरला होता. माझ्या धक्क्यांनी तो सुकून झडला आणि टापर पुन्हा वाजू लागला.

"घरवालीले कळावं, आपन आलो म्हून," गुलाम नबी हळूच म्हणाले.

अर्पिताने तो सोडवला, आत कापूस गच्च कोंबला आणि पिशवीत ठेवला. परतताना वळण आलं, खड्डे आले, मी काही वाजले नाही. मला फार वाईट वाटलं.

घरी बेबीताई दारात. कपात चहा.

"आज तं लय जवळून वाजलं," त्या म्हणाल्या.

अर्पिताचा चेहरा उतरला. तिने पिशवीतून टापर काढून आईच्या हातात दिला. बेबीताईंनी तो लगेच ओळखला. कापूस बोटाने उपसला, टापर जरासा हलवला. खट्. आणि त्या तिथेच बसल्या. दोन वर्षांचं रडू एकदम आलं.

डोळे पुसल्यावर त्यांनी तो चहा ओतून दिला नाही, अर्पितासमोर ठेवला. "बांध त्याच जागी. जंगलातून येतं तू. आली म्हून मले कळलं पाह्यजे."

आता मी पुन्हा वाजते. मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर तिला कोपऱ्यात टाकू नका. अधूनमधून पुसा, तेल-ग्रीस करा. खडखडली तर दुरुस्तही करा. पण तो आवाज कुणासाठी होता, हे आधी घरात विचारून घ्या.

टापर पिशवीत होता त्या संध्याकाळी बेबीताईंनी काय ऐकलं, ते मात्र मला विचारू नका. माझ्या सीटखाली काही नव्हतं. अर्पिता एकटी होती. आणि तरी वळणापासून घरापर्यंत माझी मागची सीट जड होती.